मातीच्या ट्रॅकवर पुढची स्प्रिंग किती कडक असावी

शर्यतीच्या गाडीची पुढची स्प्रिंग एकाच वेळी तीन कामे करते. इंजिन आणि बॉडीचे वजन तोलते, खड्ड्यातही चाक जमिनीला टेकलेले ठेवते आणि वळणावर पुढच्या दोन चाकांत वजन कसे वाटले जाईल यावर हुकूमत चालवते. डांबरी ट्रॅकवर तिसऱ्या कामाला मान असतो. मातीवर दुसरे काम सर्वांत मोठे ठरते, कारण हवेत असलेले चाक ना वळवता येते, ना थांबवता येते. मातीच्या ट्रॅकसाठी स्प्रिंग निवडताना पहिला प्रश्न ‘गाडी किती कलते’ हा नसून ‘चाक किती वेळ जमिनीवर राहते’ हा असतो.

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारे बळ. ते न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात. जपानी बनावटीच्या स्प्रिंगांवर तो किलोत लिहिलेला असतो आणि गॅरेजात ‘चार केजीची’, ‘सहा केजीची’ अशी बोली चालते. एक केजी म्हणजे ९.८१ न्यूटन. अमेरिकी स्प्रिंगांवर पाउंड प्रति इंच असते, आणि त्यातले १०० म्हणजे साडेसतरा न्यूटन प्रति मिलिमीटर. या प्रकरणात पुढे कडकपणाचा आकडा नुसता दिला असेल, तर तो न्यूटन प्रति मिलिमीटर समजावा.

मातीपासून सुरुवात करणे रास्त. महाराष्ट्रात मातीवरच्या मोटारशर्यती मुख्यतः ऑटोक्रॉस आणि रॅली या दोन रूपांत होतात. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या नाशिकच्या परिसरात झालेल्या आहेत. अमेरिकेत ओहायोतल्या १९५४ साली सुरू झालेल्या एल्डोरासारख्या लंबवर्तुळाकार मातीच्या ट्रॅकची मोठी परंपरा आहे. तशी आपल्याकडे नाही. आपली माती मात्र अभ्यासण्यासारखी आहे. शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेऱ्याच्या आसपास वेळ आणि भीमा या नद्यांच्या काठाने उसाची खोल काळी जमीन लागते, तर काठापासून वर माळावर गेले की काही इंचांखाली मुरूम. दोन्ही बेसॉल्ट खडकापासूनच झालेले, पण चाकाखाली त्यांचे वागणे अगदी वेगळे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हातभर खोल भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होते. मुरूम पाणी मारून रोलरने दाबला की घट्ट बसतो, चांगली पकड देतो आणि तासाभराच्या धावपळीनंतर वरचा थर सुटून बारीक खडीसारखा घरंगळू लागतो. म्हणून या भागात मातीचा ट्रॅक आखायचा तर माळाची, मुरमाची जागाच घ्यावी. पुढचा सगळा हिशोब मुरमाच्या ट्रॅकचा आहे.

हिशोबाची पहिली पायरी म्हणजे पुढच्या चाकांवरचे वजन. ते कंपनीच्या कागदावरून घेऊ नये. शर्यतीसाठी गाडीतली मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरे काढलेली असतात आणि आत लोखंडी रोलकेज बसवलेला असतो. जुना आकडा त्यामुळे निकामी होतो. चारही चाकांखाली ठेवायचे वेगळे काटे उत्तम. ते नसतील तर उसाच्या पट्ट्यात वजनकाटा दूर नसतो. चालकाला सीटवर बसवून आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत. असे काटे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी असल्याने पाच-दहा किलोच्या टप्प्याने वाचतात, पण पुढच्या आसाचे वजन ठरवायला तेवढे पुरते. डाव्या-उजव्या चाकांतला फरक मात्र त्यावर कळत नाही.

उदाहरणाला पुढच्या चाकांवर चालणारी, चालकासह ९०० किलोची छोटी हॅचबॅक घेऊ. वजनाचा ६० टक्के भाग पुढे असेल तर पुढच्या प्रत्येक चाकावर २७० किलो येतात. त्यातून चाक, टायर, ब्रेकची डिस्क, नकल आणि आर्मचा अर्धा भाग असे स्प्रिंगच्या खाली राहणारे सुमारे ३५ किलो वजा केले की २३५ किलो उरतात. पुढच्या एका स्प्रिंगने तोलायचे वजन ते हे.

आता कडकपणा. मोठ्या गाडीला कडक स्प्रिंग लागते आणि छोटीला नरम, त्यामुळे दोन गाड्यांच्या स्प्रिंगांची थेट तुलना फसवी ठरते. तुलना करायची ती गाडीच्या वर-खाली होण्याच्या वारंवारितेची, म्हणजे बॉडी एकदा दाबून सोडली तर सेकंदाला किती वेळा हेलकावेल याची. रोजच्या वापरातल्या गाड्यांची वारंवारिता साधारण १ ते १.५ हर्ट्झ असते. डांबरी शर्यतीच्या गाड्या २ हर्ट्झच्या वर जातात. मातीवरच्या गाडीला पुढे दीड ते दोनच्या मधली जागा मानवते: खड्डे पचवण्याइतकी नरम आणि स्टिअरिंग फिरवताच नाक वळेल इतकी कडक.

हिशोबाला १.६ हर्ट्झ धरू. वारंवारितेला २π ने गुणून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा आणि त्याला किलोतल्या वजनाने गुणावे. १.६ ला २π ने गुणले की १०.०५ येतात, त्यांचा वर्ग १०१. १०१ गुणिले २३५ म्हणजे जवळपास २३,७५० न्यूटन प्रति मीटर, म्हणजेच चाकापाशी २४ चा कडकपणा. याच सूत्राची दुसरी बाजू गॅरेजात अधिक कामाची आहे. उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी किती दबली आहे हे मिलिमीटरमध्ये मोजावे आणि १५.८ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागावे. येते ती वारंवारिता. शंभर मिलिमीटर दबलेली गाडी १.५८ हर्ट्झची, चव्वेचाळीस मिलिमीटर दबलेली २.४ हर्ट्झची. फक्त मोजपट्टी आणि जॅक घेऊन गाडीच्या स्वभावाचा असा अंदाज घेता येतो.

चाकापाशी २४ हवेत म्हणून २४ ची स्प्रिंग आणून बसवली तर चूक होईल, आणि ही चूक सर्वांत जास्त घडते. स्प्रिंग चाकाच्या आत, आर्मवर कुठेतरी बसलेली असते. चाक जेवढे उचलले जाते त्याहून ती कमी दबते, आणि आर्म तरफेसारखा वागत असल्याने तिचे बळही चाकापर्यंत पोहोचताना कमी होते. तोटा दोनदा होतो, म्हणून गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. गुणोत्तर काढायची रीत सोपी आहे. स्प्रिंग काढून ठेवावी, चाक नेमके ५० मिलिमीटर उचलावे आणि स्प्रिंगच्या दोन बैठकांमधले अंतर किती घटले ते मोजावे. दोन आर्मच्या एखाद्या बग्गीत ते ३२ मिलिमीटर आले, तर गुणोत्तर ०.६४ आणि वर्ग ०.४१. तिथे ८० ची दणकट दिसणारी स्प्रिंग चाकापाशी जेमतेम ३३ ची उरते. दुसऱ्याच्या बग्गीतला स्प्रिंगचा आकडा ऐकून तोच आपल्या गाडीला लावणे किती धोक्याचे आहे, ते यावरून दिसते.

चाकणला बनलेली पोलो किंवा रांजणगावला बनलेली पुंतो यांसारख्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर आणि चाकाच्या अगदी जवळ, त्यामुळे गुणोत्तर एकाच्या आसपास राहते. उदाहरणाच्या हॅचबॅकला ते ०.९५ धरले तर वर्ग ०.९ येतो, आणि चाकापाशी २४ मिळवायला साडेसव्वीसची स्प्रिंग लागते.

मारुतीच्या जिप्सीचे गणित निराळे. आपल्याकडच्या मातीच्या शर्यतींत ही गाडी वर्षानुवर्षे धावली. तिच्या पुढेही अखंड आस आणि त्यावर पाटे. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर पाट्याचा कडकपणा जवळजवळ पूर्ण मिळतो. वळणावर बॉडी कलते तेव्हा मात्र पाटे एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजले जाते. चाकांमधले अंतर १३०० मिलिमीटर आणि पाट्यांमधले ७८० असेल, तर गुणोत्तर ०.६ आणि वर्ग ०.३६. खड्ड्यावर हाडे खिळखिळी करणारी पाट्याची गाडी वळणावर इतकी का कलते, त्याचे उत्तर या ०.३६ मध्ये आहे. अशा गाडीत कलणे रोखायला पाट्याची पाने वाढवणे हा वाईट उपाय. त्याने खड्ड्यातला त्रास पूर्ण वाढतो आणि वळणावरचा फायदा एक-तृतीयांशच मिळतो. शिवाय पाट्याच्या पानांमध्ये धूळ-चिखल बसला की घर्षण वाढते आणि लहान धक्क्यांना पाटा हलतच नाही. दर शर्यतीआधी पाटे सोडून, घासून, पुन्हा बांधण्याची काही मेकॅनिकांची सवय त्यामुळेच अनुकरणीय आहे.

पुन्हा साडेसव्वीसच्या स्प्रिंगकडे वळू. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तीन मापांवर ठरतो: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि मोकळ्या वेढ्यांची संख्या. तारेची जाडी चौथ्या घातात येते. १२ मिलिमीटर तारेची, मध्य-व्यास ११० मिलिमीटर आणि ५.८ मोकळे वेढे असलेली पोलादी स्प्रिंग २६.५ ची होते. तार १३ मिलिमीटरची घेतली आणि बाकी सारे तसेच ठेवले तर ती ३६.५ ची होते. एका मिलिमीटरने कडकपणा ३८ टक्के वाढतो आणि आपल्या गाडीची पुढची वारंवारिता १.६ वरून १.९ वर जाते. जुनी स्प्रिंग विकत घेताना तार कॅलिपरने मोजावी, आणि रंगाचा थर खरवडून मोजावी.

लांबीही हिशोबानेच ठरते. ही स्प्रिंग गाडीच्या वजनाने ९२ मिलिमीटर दबेल. चाकाला वर जायला ९० मिलिमीटर जागा हवी, त्यासाठी स्प्रिंग आणखी ८६ दबेल. टोकांचे धरून एकूण साडेसात वेढे एकमेकांना टेकले की त्यांची उंची ९० मिलिमीटर, आणि ते कधीच टेकू नयेत म्हणून १० मिलिमीटर राखून ठेवायचे. बेरीज २७८, म्हणजे २८० मिलिमीटरची स्प्रिंग. चाक हवेत ८० मिलिमीटर खाली लोंबले तर स्प्रिंग ७६ सुटते. ती ९२ दबलेली असल्याने तरीही १६ मिलिमीटर दाबाखाली राहते आणि बैठक सोडत नाही.

गाडी खाली बसवण्यासाठी ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापण्याची प्रथा सर्वत्र आहे. वरच्याच स्प्रिंगवर तिचा परिणाम पाहण्यासारखा आहे. मोकळे वेढे ४.८ उरतात, कडकपणा ३२ होतो आणि लांबी सुमारे २४० मिलिमीटर. गाडी स्प्रिंगपाशी २४ मिलिमीटर खाली येते. चाकाला वर जायची जागा तेवढीच घटते. म्हणजे स्प्रिंग कडक झाली तरी खड्ड्यात बंप रबर आधीपेक्षा लवकर आदळतो. दुसऱ्या टोकाला त्याहून वाईट घडते. उंचवट्यावरून चाक हवेत गेले की दोन बैठकांमध्ये २६४ मिलिमीटर अंतर होते, स्प्रिंग २४० चीच असते आणि ती मोकळी खुळखुळते. उतरताना वाकडी बसली तर टायर फाडू शकते. गॅसने तापवून कापलेल्या स्प्रिंगमध्ये पोलादाचे पाणीच उतरते आणि ती काही दिवसांत बसते. मातीवर धावणाऱ्या गाडीत कापलेली स्प्रिंग वापरू नये. हव्या मापाची नवीन वळवून घेणे हाच मार्ग आहे.

वळणावरचे वजन हा सर्वांत गैरसमजाचा भाग. नरम स्प्रिंग लावली की गाडी जास्त कलते, म्हणून बाहेरच्या चाकांवर जास्त वजन जाते, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात आतून बाहेर एकूण किती वजन सरकेल हे गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि टायरची पकड ठरवते. कलण्याने त्यात पडणारी भर नाममात्र असते. स्प्रिंग ठरवते ती वाटणी: सरकणाऱ्या वजनातला किती हिस्सा पुढचे टोक उचलेल आणि किती मागचे. जे टोक कडक, ते मोठा हिस्सा उचलते. टायरवर वजन दुप्पट केले तर पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच भरते. त्यामुळे ज्या आसाच्या दोन चाकांत वजनाचा फरक मोठा, त्याची एकूण पकड घटते. पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या की गाडी वळणात पुढून निसटते, नरम केल्या की नाक आत येते आणि मागचा भाग सुटू लागतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याला आणखी एक पदर आहे. पुढे कडक स्प्रिंग किंवा जाड स्टॅबिलायझर बार असला की आतले पुढचे चाक हलके होते, गॅस दिला की नुसते फिरते आणि मुरूम उडवते. म्हणून अशा गाडीत पुढे नरम आणि मागे कडक, अशी रचना मातीवर चालते. मागचे आतले चाक वळणात थोडे उचलले गेले तरी बिघडत नाही. त्याला गाडी ओढायची नसते. पुढचा बार काढून टाकून त्याची उणीव मागे भरणे, ही त्याच विचाराची पुढची पायरी. रस्त्यावरच्या गाड्यांत पुढची वारंवारिता मागच्यापेक्षा कमी ठेवण्याची शिस्त मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये घालून दिली. तिचा हेतू निराळा होता: खड्डा मागच्या चाकाला नंतर लागतो, तरी दोन्ही टोके एकाच वेळी स्थिर व्हावीत. मातीवरच्या पुढच्या-चाकी गाडीला मात्र दोन्ही कारणे एकाच दिशेने नेतात.

अमेरिकी लंबवर्तुळाकार ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते, उजव्या पुढच्या चाकावर भार सतत जास्त असतो, आणि तिथे उजवी पुढची स्प्रिंग डावीपेक्षा कडक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ऑटोक्रॉसमध्ये वळणे दोन्हीकडे असतात. तिथे डावी-उजवी जोडी समानच हवी, आणि एकाच मापाच्या म्हणून आणलेल्या दोन स्प्रिंगाही प्रेसखाली दाबून तपासाव्यात.

ब्रेकचा हिशोब छोटा आहे. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, दोन आसांत २.४ मीटर अंतर आणि गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याने गाडी मंदावली, तर पुढे सुमारे ९४ किलो सरकतात. चाकापाशी २४ च्या कडकपणावर नाक १९ मिलिमीटर दबते. वळणात शिरताना खड्डा आला तर ९० मिलिमीटरांतले हे १९ आधीच खर्च झालेले असतात. ट्रॅकवर सर्वांत मोठे खड्डे पडतात ते नेमके ब्रेक लागणाऱ्या जागी, म्हणून हा आकडा विसरून चालत नाही.

सकाळी टँकरने पाणी मारलेला मुरूम घट्ट असतो, पकड भरपूर, वजन जोरात सरकते. थोडी कडक स्प्रिंग तेव्हा बरी वाटते. दुपारपर्यंत वरचा थर सुटतो, वळणांत चाकोऱ्या पडतात, पकड घटते, आणि तीच गाडी पुढून घसरू लागते. फेऱ्यांच्या मध्ये स्प्रिंग बदलण्याइतका वेळ बहुधा नसतो, त्यामुळे निवड दुपारच्या ट्रॅकला धरून करावी. निर्णायक फेऱ्या शेवटी होतात, आणि सकाळच्या चांगल्या मातीवर थोडी नरम स्प्रिंग जेवढा वेळ घालवते त्याहून कितीतरी जास्त वेळ दुपारच्या खडबडीत मातीवर कडक स्प्रिंग घालवते.

चाकोऱ्या आणि लाटांनाही गणित आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दहा मीटर अंतराने लांबट उंचवटे असतील तर गाडीला सेकंदाला १.६७ धक्के बसतात, म्हणजे जवळजवळ तिच्या स्वतःच्याच वारंवारितेने. दर उंचवट्याला डोलणे वाढत जाते. याच वेगाला सुमारे १.४ मीटर अंतराच्या लाटा चाकाला सेकंदाला बारा वेळा उडवतात. चाक आणि टायर यांची स्वतःची उडण्याची वारंवारिता तिथेच आसपास असते, म्हणून चाक जमीन सोडून थडथडते. या दोन्ही रोगांवर स्प्रिंग हा उपाय नाही. उपाय शॉकअपमध्ये आहे. गळका शॉकअप तसाच ठेवून कडक स्प्रिंग लावली की डोलणे थांबल्यासारखे वाटते, पण चाक जमिनीवर राहण्याचा वेळ घटतो. स्प्रिंगची चाचणी घेण्याआधी दोन्ही शॉकअप कोरडे आणि सारखे आहेत याची खात्री हवी.

चाचणीसाठी तीन जोड्या पुरतात. हिशोबातून आलेली मधली, साडेसव्वीसची. तिच्याहून सुमारे १५ टक्के नरम आणि तेवढीच कडक, म्हणजे साडेबावीस आणि साडेतीस. यापेक्षा लहान फरक मातीवर चालकाला जाणवत नाही, कारण दोन फेऱ्यांमध्ये ट्रॅकच त्याहून जास्त बदलतो. जोडी बदलली की उभ्या गाडीची उंची पूर्वीइतकी करून घ्यावी, टायरची हवा आणि शॉकअपची मांडणी हलवू नये, आणि शेवटी पहिली जोडी पुन्हा लावून धावावे. ट्रॅक बदलला की गाडी, हे त्यानेच समजते. शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडी सरकवून ठेवली तर चाक किती वर गेले हे प्रत्येक फेरीनंतर वाचता येते. कडी दर फेरीला बंप रबरपर्यंत जात असेल तर स्प्रिंग नरम आहे किंवा गाडी फार खाली आहे. कडी निम्म्यावरच थांबत असेल तर स्प्रिंग कडक आहे, चालकाला ती कितीही आवडत असो. सगळ्यात खोल खड्ड्यात एखाद-दुसऱ्यांदा रबरला टेकणारी आणि एरवी दहा-पंधरा मिलिमीटर शिल्लक ठेवणारी जोडी त्या गाडीची आणि त्या मातीची बरोबर जोडी होय.